पिस्तूल नेमबाजी आणि स्वसंरक्षण : या चुका टाळा

इंदूरला नेमबाजी नवी नाही. लष्कराचे आर्मी मार्क्समनशिप युनिट जवळच महूला आहे आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथेच तयार झाले. 2024 मध्ये पॅरिसला मनू भाकर यांनी दोन कांस्यपदके मिळवल्यापासून रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर या भागांतल्या मराठी घरांतूनही मुलामुलींना रेंजवर पाठवण्याचा विचार होऊ लागला आहे. त्यासोबत एक प्रश्न हमखास येतो : पिस्तूल शिकली की मुलगी स्वतःचे रक्षण करू शकेल ना? उपयोग होतो, पण तो पालकांना वाटतो तिथे होत नाही, आणि हे न ओळखल्यामुळे पुढच्या चुका घडतात.

गुणांना तयारी समजणे

बहुतेक नवशिके 10 मीटर एअर पिस्तूल शिकतात. त्यात 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात. अंतर ठरलेले असते, प्रकाश सारखा असतो, लक्ष्य जागचे हलत नाही आणि कधी मारायचे हे नेमबाजाच्याच हातात असते. पिस्तूल एका हाताने धरायचे असते, त्यामुळे दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला असतो. ट्रिगरला, म्हणजे चापाला, किमान 500 ग्रॅम वजन पेलता आले पाहिजे असा नियम असला तरी स्वसंरक्षणासाठी मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा चाप याच्या कितीतरी पट जड असतो. शिवाय या पिस्तुलातून सुटतो तो 4.5 मिलिमीटरचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा. हल्लेखोराला थांबवण्याचे ते साधनच नव्हे.

25 मीटर पिस्तूल प्रकारातला जलद टप्पा त्यामानाने वास्तवाच्या जवळ वाटतो, कारण तिथे हात 45 अंशांत खाली ठेवून उभे राहावे लागते आणि शॉटसाठी फक्त 3 सेकंद मिळतात. पण त्याआधीचे थांबण्याचे 7 सेकंदही ठरलेलेच असतात. खरा हल्ला सूचना देऊन होत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये दाखवून दिले की साधारण साडेसहा मीटरवर उभा असलेला सुरीधारी माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो. तेवढ्या वेळात धोका ओळखायचा, बाजूला सरकायचे, शस्त्र काढायचे आणि ते वापरायचे की नाही हे ठरवायचे. स्पर्धेच्या सरावात यांतले एकही कौशल्य शिकवले जात नाही, आणि तो स्पर्धेचा दोष नाही, कारण तिचा हेतूच वेगळा आहे.

नजरेची सवय हा याचाच एक भाग आहे. नेमबाज माशीवर, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या पुढच्या टोकावर असलेल्या खुणेवर, डोळा स्थिर करतो आणि लक्ष्य धूसर राहू देतो. भीतीच्या क्षणी नजर आपोआप आक्रसते, कानांवर पडणारे आवाज पुसट होतात आणि बोटांची बारीक हालचाल बिघडते. अशा वेळी समोरच्याचे हात पाहावे लागतात, त्याच्या मागे कोण आहे हे पाहावे लागते. रेंजवर लक्ष्यामागे गोळी अडवणारी भिंत किंवा मातीचा बांध असतो. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री लक्ष्यामागे खाण्यासाठी जमलेली गर्दी असते, आणि .22 बोअरची छोटी गोळीही चुकली तर एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते.

मग हे शिक्षण निरुपयोगी आहे असे मानणे

ही चूक मला पहिलीइतकीच गंभीर वाटते. चांगला प्रशिक्षक नवशिक्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावतो. पिस्तूल वर जाते, हात स्थिरावतो, काही सेकंद जातात, माशी डगमगू लागते, श्वास संपत येतो, आणि बोट मात्र ट्रिगर दाबून मोकळे होण्यासाठी उतावीळ झालेले असते. त्या क्षणी शॉट मारायचा नाही. पिस्तूल खाली घ्यायचे, श्वास सोडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हे ऐकायला सोपे वाटते, पण भर स्पर्धेत घड्याळ पुढे सरकत असताना ते जमायला वर्षे लागतात. हातात शस्त्र आणि मनात घाई असताना न मारण्याचा निर्णय घेता येणे, हीच रेंजची सर्वांत मोठी देणगी आहे असे माझे ठाम मत आहे. नळी सदैव सुरक्षित दिशेला ठेवणे, शॉटच्या क्षणापर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवणे, चेंबर (गोळी किंवा छर्रा बसतो ती जागा) रिकामा असल्याची खूण म्हणून त्यात रंगीत सेफ्टी फ्लॅग घालणे, या सवयीही अशाच अंगवळणी पडतात. घरात परवान्याचे शस्त्र असेल तर अपघात टाळण्याच्या कामी त्या दररोज येतात.

कायदा नंतर वाचू असे म्हणणे

खेळासाठी मिळालेला परवाना हा बाजारात पिस्तूल बाळगण्याचा परवाना नव्हे. परवान्यावर हेतू आणि क्षेत्र लिहिलेले असते. ते न पाळल्यास शस्त्र कायदा, 1959 खाली कारवाई होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, पण कलम 37 प्रमाणे सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क उरत नाही, आणि बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. शरीराच्या रक्षणाचा हक्क धोका असेपर्यंतच टिकतो. म्हणून मार देऊन पळून जाणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणाऱ्याला या हक्काचा आधार मिळणे कठीण असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. त्यामुळे सगळी भिस्त शस्त्रावर ठेवणाऱ्या कुटुंबाकडे त्या काळात दुसरी काही तयारीच नसते.

घरच्या सरावात ढिलाई

ड्राय फायरचा, म्हणजे गोळी न भरता चाप ओढण्याचा, सराव करताना त्या खोलीत एकही काडतूस असू नये, आणि सराव संपल्यावर ‘आता शेवटचा एक’ म्हणून पुन्हा चाप ओढू नये. एअर पिस्तुलालाही हाच नियम लावावा.

मुलीच्या सुरक्षिततेसाठीच शिकवायचे असेल तर क्रम असा ठेवावा : धोका लवकर ओळखून तिथून निघून जाणे, मोठ्याने ओरडणे, 112 ला फोन करणे, हात धरला गेल्यास सुटण्याचे ज्यूडो किंवा कराटेसारखे शिक्षण, आणि त्यानंतर पिस्तूल. परवान्याचे रिव्हॉल्व्हर घरात असेल तर सराव त्याच शस्त्राने, त्याच जड चापाने आणि दोन्ही हातांनी, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावा, कारण एअर पिस्तुलातली पकड तिथे जशीच्या तशी चालत नाही. खेळाची गोडी लागली तर तो स्वतंत्र आनंद आहे. त्यासाठी रेंजवर जरूर पाठवावे, आणि नाव नोंदवताना प्रशिक्षकांना आधी एवढेच विचारावे की पहिल्या महिन्यात मुलांना शॉट न मारता पिस्तूल खाली घ्यायला ते कसे शिकवतात.