बाजार बदलला, हिशेब तोच राहिला: मालमत्तेतील गुंतवणूक करताना या चुका टाळा

मालमत्तेत पैसे गुंतवणारे बहुतेक लोक खरेदीच्या वेळी काटेकोर हिशेब मांडतात आणि व्यवहार झाला की तो कागद कपाटात ठेवून देतात. पुढे व्याजदर बदलतात, भाडेकरू बदलतात, शेजारी नव्या इमारती उभ्या राहतात. हिशेब मात्र पहिल्याच दिवसाचा राहतो. माझ्या मते चुकीचे घर निवडल्यापेक्षा या शिळ्या हिशेबाने जास्त लोकांना अडचणीत आणले आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक बदलत्या दराच्या कर्जाबाबत होते. समजा, २० वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले आणि थोड्याच काळात दर ९ टक्क्यांवर गेला. मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो आणि ते लगेच जाणवते. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवून घेतली, तर मात्र हेच कर्ज फेडायला सुमारे ३८ वर्षे लागतात. कारण १ लाख मुद्दलामागे हप्ता ७७५ असेल, तर ९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच ७५० होते आणि मुद्दलातून जेमतेम २५ वजा होतात. खात्यातून दरमहा तेवढीच रक्कम जात असल्याने काही बिघडले आहे, हे कळतही नाही. म्हणून दर बदलल्याची सूचना आली की शिल्लक मुद्दल आणि उरलेले हप्ते किती, हे लेखी मागवावे आणि झेपेल तेवढा हप्ता त्याच महिन्यापासून वाढवावा. नवे कर्ज घेताना तर दर २ टक्क्यांनी वाढला असे धरूनच हप्ता काढून पाहावा.

दुसरी चूक म्हणजे बाजाराचा कल केवळ किमतीवरून ओळखणे. घराचा मालक सहजासहजी भाव कमी करत नाही; तो थांबून राहतो. त्यामुळे मंदीची चाहूल आधी व्यवहारांच्या संख्येत लागते आणि किमतीत, उतरल्याच तर, बऱ्याच उशिरा दिसते. अमेरिकेत २०२२ मध्ये गृहकर्जाचे दर सुमारे ३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये जुन्या घरांची विक्री १९९५ नंतरच्या नीचांकावर आली, तरी त्याच वर्षी मध्यक किंमत (निम्मी घरे जिच्याहून स्वस्त आणि निम्मी महाग विकली जातात ती) विक्रमी होती. नुसती किंमत पाहणाऱ्याला तो बाजार तेजीत वाटला असता. आपल्या परिसरात जाहिरात दिल्यापासून घर विकले जाईपर्यंत किती दिवस लागतात आणि विकासक भाव तोच ठेवून पार्किंग किंवा फर्निचर मोफत देऊ लागले आहेत का, याकडे लक्ष ठेवावे.

भाड्याच्या बाबतीत हट्ट नडतो. मागणी घटल्यावर भाडे ५ टक्क्यांनी कमी केले, तर वर्षाचे नुकसान जेमतेम १८ दिवसांच्या भाड्याइतके होते. जुन्याच भाड्यावर अडून राहून घर २ महिने रिकामे राहिले, तर वर्षाच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा जातो, आणि देखभाल खर्च व कर चालूच राहतात.

कर्जामुळे नफ्याप्रमाणेच तोटाही वाढतो, हे तेजीत कोणी मोजत नाही. स्वतःचे २० टक्के आणि कर्ज ८० टक्के असताना किंमत १० टक्क्यांनी उतरली, तर स्वतःचे निम्मे भांडवल संपते. अशा वेळी "घेतलेल्या भावाला आले की विकू" असे ठरवून वर्षानुवर्षे हप्ते भरणारे अनेक जण असतात. बाजाराला तुमच्या खरेदीच्या किमतीशी देणेघेणे नसते. आजची किंमत, शिल्लक कर्ज आणि खर्च वजा जाता हाती येणारे भाडे, एवढ्यावरच ठेवायचे की विकायचे हे ठरवावे. विकायचे ठरले तरी गिऱ्हाईक मिळून पैसे हाती येईपर्यंत अनेक महिने जाऊ शकतात, त्यामुळे निदान ६ महिन्यांचे हप्ते त्याच दिवशी काढता येतील अशा ठेवीत वेगळे ठेवावेत.