सायकस घरात ठेवताय? या चुका टाळा

सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाला साधारण वर्षातून एकदाच नव्या पानांचा घेर येतो. मनीप्लँटच्या सवयीने त्याच्याकडे बघणाऱ्याला मधले महिने गप्प बसवत नाही, आणि तिथेच झाड हातचं जातं.

सर्वाधिक सायकस जास्त पाण्यापायी मरतात. खालचं एखादं पान पिवळं पडतं, तहान लागली असेल म्हणून रोज पेलाभर पाणी सुरू होतं. बुंध्यात पाण्याचा आणि पिष्टाचा साठा असतो, त्यावर वरची पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात. खाली मुळं कुजत असतात. मग एके दिवशी मधली पानं धरली की सहज हातात येतात. बुडाशी तपकिरी लगदा, आंबूस वास. बोट दोन पेरं आत घालावं, माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं, तेही खालच्या भोकातून निथळेपर्यंत. ताटलीतलं पाणी लगेच ओतून द्यावं. पाणी बुंध्याच्या डोक्यावर नको. कुंडीतल्या मातीच्या मिश्रणात निम्मी जाड वाळू किंवा पर्लाईट (पांढरे, हलके खडे) हवंच. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) म्हणजे कुजण्याला आमंत्रण.

कुज लागलीच तर बुंधा अंगठ्याने दाबून बघा. बराचसा घट्ट असेल तर आशा आहे. मऊ भाग स्वच्छ सुरीने पांढरा, टणक गर लागेपर्यंत कापा, सगळी पानं काढा, बुरशीनाशक पावडर लावा, आठ-दहा दिवस सावलीत सुकवा आणि जेमतेम ओलसर वाळूत बसवा. मुळं फुटायला महिने लागतात. उपटून बघायचं नाही.

दुसरी चूक नव्या पानांच्या वेळची. कोवळी पानं मऊ, गुंडाळलेली असतात. कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नेमकी तेव्हाच कौतुकाने कुंडी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आणली जाते. कमी उजेडात पानं लांबतात, विरळ होतात, लोंबतात आणि तशीच कडक होतात. यावर इलाज नाही, पुढच्या घेराची वाट बघायची. या दिवसांत कुंडी हलवू नका, फिरवू नका, पानांना हातही लावू नका. एरवी मात्र आठवड्याला पाव वळसा द्यावा. अंधारातून उन्हात न्यायचं तर दोन आठवड्यांत हळूहळू, नाहीतर पानं करपतात.

वाढ लवकर व्हावी म्हणून मोठी कुंडी किंवा युरिया, दोन्ही नको. आधीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर रुंद कुंडी पुरते.

मातीवर पोवळ्यासारख्या गाठी दिसल्या तर कापू नका; त्या झाडाच्या मुळांच्याच असतात, आणि त्यांतले सूक्ष्मजीव झाडाला नत्र पुरवतात.

नवी पानंच पिवळी, आक्रसलेली येत असतील तर मँगनीज कमी पडतंय. लिटरला १ ग्रॅम मँगनीज सल्फेट फवारा. गुण पुढच्या पानांत दिसेल.

आणि सायकसचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिया सर्वांत जास्त. घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर हे झाड आणूच नये. कुत्र्याने पान चघळलं तर उलटीची वाट न बघता त्याला पशुवैद्याकडे न्या. हे विष यकृतावर जातं.