स्फोटके निकामी करण्याचे मानवतावादी प्रशिक्षण: खानदेशातून तयारी कशी करावी

जळगाव जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगाव येथे दोन आयुध निर्माणी आहेत, विहिरीला सुरुंग लावून पोट भरणारी माणसे खानदेशात गावोगावी भेटतात, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलातून निवृत्त होऊन घरी परतलेले माजी सैनिकही या भागात आहेत. युद्ध संपल्यावर जमिनीत राहिलेले भूसुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा शोधून नष्ट करणाऱ्या मानवतावादी संस्थांमध्ये आपल्याला काम मिळेल का, असा प्रश्न यांपैकी कोणालाही पडू शकतो. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. स्फोटक निकामी कसे करतात ते येथे सांगितलेले नाही, आणि ती वाचून शिकण्याची विद्याही नव्हे. प्रशिक्षणात काय असते, ते कोणाला मिळते आणि घरी राहून त्यासाठी कोणती तयारी करता येते, एवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

प्रथम या संस्थांचे स्वरूप समजून घ्यावे. १९८८ मध्ये अफगाणिस्तानात काम सुरू करणारी हॅलो ट्रस्ट, १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप आणि नॉर्वेजियन पीपल्स एड ही यांतील मोठी नावे होत. त्यांचा संबंध लढाईशी नसून लढाईनंतरच्या शेतीशी, रस्त्यांशी आणि शाळेच्या मैदानांशी असतो. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. त्यातील क्लस्टर बॉम्बचे न फुटलेले छोटे गोळे आजही तेथील शेतकऱ्याच्या नांगराखाली येतात. सैन्याला युद्धात सुरुंगक्षेत्रातून वाट काढायची असते आणि त्यासाठी काही धोका पत्करला जातो. मानवतावादी कामात मात्र जमीन शेतकऱ्याच्या हाती देताना ठरलेल्या खोलीपर्यंत तेथे काहीही उरलेले नाही याची लेखी हमी द्यावी लागते. निवृत्त सैनिकाला नव्याने शिकावे लागते ते मुख्यतः हेच.

या कामाचे आंतरराष्ट्रीय मानदंड ‘आयमास’ या नावाने ओळखले जातात. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले असून संयुक्त राष्ट्रांच्या भूसुरुंगविरोधी सेवेच्या वतीने वेळोवेळी सुधारले जातात. त्यातील ०९.३० क्रमांकाचा भाग स्फोटक दारूगोळ्याच्या विल्हेवाटीविषयी, म्हणजे या क्षेत्रात सर्वजण ज्याला ‘ईओडी’ म्हणतात त्याविषयी आहे. इंग्रजी वाचता येणाऱ्याने अर्ज करण्यापूर्वी तो अवश्य वाचावा. तो विनामूल्य उपलब्ध आहे, आणि वरवर रुक्ष वाटला तरी मुलाखतीतील निम्मे प्रश्न त्यातून सुटतात असे माझे मत आहे.

पायऱ्या आणि त्यांच्या मर्यादा

या मानदंडानुसार तंत्रज्ञाच्या पात्रतेचे स्तर ठरलेले आहेत. पहिल्या स्तरावरील व्यक्तीला ज्या प्रकारच्या वस्तूंचे प्रशिक्षण मिळाले आहे तेवढ्याच वस्तू शोधता, उघड्या करता आणि एकेक करून जागेवरच नष्ट करता येतात. त्या हलवण्याचा अधिकार तिला नसतो. दुसऱ्या स्तरावर एखादी वस्तू हलवणे आणि वाहून नेणे सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्याची, तसेच अनेक वस्तू एकाच वेळी नष्ट करण्याची पात्रता येते. तिसऱ्या स्तरावर दारूगोळ्याच्या प्रकारांची व्याप्ती बरीच वाढते, आणि त्यापुढील विशेष स्तर हाताशी येईल त्या सामानातून बनवलेली स्फोटक साधने (आयईडी), रासायनिक दारूगोळा, मोठ्या साठ्यांची विल्हेवाट यांसारख्या एकेका विषयापुरता असतो.

या रचनेकडे बढतीची शिडी म्हणून पाहण्याचा मोह होतो, परंतु प्रशिक्षक तिच्याकडे उलट बाजूने पाहतात. प्रमाणपत्र हे आपण काय करू शकता यापेक्षा आपण कोठे थांबायचे आहे, हे सांगणारे कागद असते. पहिल्या स्तराच्या तंत्रज्ञाला आपल्या यादीत नसलेली वस्तू दिसली, तर खूण करून मागे येणे आणि वरच्या स्तराच्या माणसाला कळवणे हेच त्याचे काम, आणि परीक्षेत नेमके हेच तपासले जाते. अवघड वस्तू ओळखूनही परवानगीबाहेर हात लावणारा उमेदवार नापास होतो. ओळखता न आल्याचे स्पष्ट सांगून थांबणारा उमेदवार पुढे जाऊ शकतो. गावाकडे ज्याला ‘हिंमतवान’ म्हणून नावाजतात त्या स्वभावाचा येथे उपयोग नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

एका देशात मिळालेले प्रमाणपत्र दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. तेथील राष्ट्रीय प्राधिकरण कागदपत्रे तपासते, पुन्हा चाचणी घेऊ शकते, आणि कामात दीर्घ खंड पडला असेल तर उजळणीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

वर्गात आणि मैदानावर

प्रशिक्षणाची सुरुवात ओळखीपासून होते. स्फोटक पूर्णपणे काढून टाकलेले नमुने, गंजलेले, वाकलेले, रंग उडालेले, टेबलावर मांडून ठेवलेले असतात; माप, आकार, शिल्लक खुणा आणि फ्यूजचा, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचा, प्रकार यांवरून प्रत्येक वस्तू कोणत्या गटातील आहे हे लिहून द्यावे लागते. त्यानंतर धोक्याची अंतरे, स्फोटकांची साठवण आणि वाहतूक, धातुशोधकाचा वापर, संपर्कव्यवस्था आणि जखमीला बाहेर काढण्याचा सराव असा क्रम येतो. प्रत्यक्ष स्फोट घडवून वस्तू नष्ट करण्याचा सराव केवळ मान्यताप्राप्त मैदानावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होतो. चित्रपटांत दिसतो तो अवजड पोशाख सुरुंग साफ करणाऱ्यांच्या अंगावर सहसा नसतो. छाती, पोट आणि मांड्या झाकणारे संरक्षक आवरण आणि चेहऱ्यापुढे पारदर्शक जाड व्हायझर एवढेच असते. मानदंडांनुसार या पोशाखाने ६० सेंटीमीटरवर झालेल्या २४० ग्रॅम टीएनटी या स्फोटकाच्या स्फोटाचा धक्का पेलला पाहिजे. तो घालून गुडघ्यांवर बसून इंचाइंचाने पुढे सरकायचे असते. भुसावळच्या मे महिन्यात शेतात राबलेल्या माणसाला उन्हाची सवय असेल, पण उन्हात न चिडता, न घाई करता एकच कृती शेकडो वेळा तशीच करण्याची सवय वेगळी असते, आणि ती मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

दिवसाचा शेवटचा भाग लिहिण्यात जातो: किती चौरस मीटर तपासले, काय सापडले, कोठे, किती खोल, नकाशावर कोणत्या निर्देशांकावर. ही नोंद ‘इम्स्मा’ नावाच्या माहितीप्रणालीत जाते आणि जमीन सोपवण्याचा निर्णय तिच्यावरच उभा राहतो. अक्षर आणि आकडेमोड कच्ची असणाऱ्याची येथे दमछाक होते.

येथील अनुभवाचा उपयोग किती

विहिरीच्या सुरुंगाचा अनुभव असलेल्यांना आपण अर्धे शिकलेलोच आहोत असे वाटते. तसे नाही. विहिरीत न उडालेला सुरुंग धोकादायक असतोच, पण तो कोणी, केव्हा, कोणत्या कांडीने आणि कोणत्या कॅपने भरला हे आपल्याला ठाऊक असते. युद्धातील अवशेष दुसऱ्याने टाकलेले, कित्येक दशके पावसापाण्यात पडलेले आणि आतून कोणत्या अवस्थेत आहेत हे न कळणारे असतात. ज्याच्याकडे स्फोटके नियम, २००८ खालील शॉटफायररचा, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याचा, अधिकृत परवाना आहे त्याने तो अर्जासोबत जोडावा, कारण त्यातून हिशेब ठेवण्याची शिस्त दिसते. परवान्याशिवाय केलेल्या कामाचा उल्लेख मात्र पात्रता म्हणून करू नये, तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरेल.

आयुध निर्माणीत धोक्याच्या इमारतींत काम केलेल्यांची बाजू अधिक भक्कम आहे. आत जाताना खिसे रिकामे करणे, एका खोलीत ठरलेल्यापेक्षा अधिक माल न ठेवणे, प्रत्येक नगाची मोजदाद करणे या सवयी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आणि भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, त्यामुळे अनुभवपत्रावर दोन वेगवेगळी नावे येऊ शकतात. परदेशातील भरती अधिकाऱ्याला हे माहीत नसते, म्हणून अर्जात एका वाक्यात खुलासा करावा. उत्पादनाचा तपशील मात्र अर्जात किंवा मुलाखतीत सांगू नये, तेथे शासकीय गुपिते कायदा लागू होतो.

प्रत्यक्ष वाट तीन प्रकारची आहे. लष्करातील अभियंता दलात बॉम्ब निकामी करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांना निवृत्तीनंतर ती सर्वांत मोकळी असते. श्रीलंकेच्या उत्तरेत सुरुंग काढण्याचे काम केलेल्या होरायझन आणि सर्वत्र या भारतीय संस्था लष्करातील निवृत्त अभियंत्यांच्याच होत्या. दुसरी वाट पोलीस दलाच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकाची, पण त्यासाठी आधी पोलीस भरती पार करावी लागते. या दोन्हींत नसलेल्या तरुणांनी वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी: सुरुंग काढणारे कामगार या संस्था बाधित देशातील गावांतूनच घेतात, बाहेरून येतात ते बहुधा वरच्या स्तराचे तंत्रज्ञ. भारतातील हे काम सैन्य आणि पोलीस करतात, त्यामुळे देशात सराव मिळवण्याची सोय नाही. त्यांच्यासाठी नकाशाशास्त्र, माहितीव्यवस्थापन, वैद्यकीय मदत, भांडार आणि धोक्याविषयीचे लोकशिक्षण ही दारे अधिक उघडी आहेत. मुलींनी मागे राहण्याचे कारण नाही. अंगोलात हॅलो ट्रस्टने २०१७ मध्ये शंभर महिलांना या कामात आणण्याचा उपक्रम हाती घेतला.

घरी करण्याजोगी तयारी

सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा किंवा रेडक्रॉसचा प्रथमोपचार अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि रक्तस्राव थांबवण्याच्या भागावर विशेष भर द्यावा. इंग्रजीत रोज एक पान अहवाल लिहावा, साध्या वाक्यांत, विशेषणांशिवाय. मोफत नकाशाप्रणालीवर आपल्याच शेताचे गट मोजून काढावेत. भंगारात, नदीपात्रात किंवा जंगलात संशयास्पद वस्तू दिसल्यास ‘सराव’ म्हणून तिच्याजवळ जाऊ नये, फोटोसाठीही नाही. आल्या वाटेने परतावे, इतरांना दूर ठेवावे आणि लांब गेल्यावर ११२ वर कळवावे. रानडुकरांसाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बलाही हाच नियम लागू आहे.

परदेशी नोकरीच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. दलालाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावी. नोंदणीकृत दलालालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. करार हातात आल्यावर वेतनाच्या आधी विम्याचे कलम वाचावे: अपंगत्वाची भरपाई, जखमीला विमानाने हलवण्याची सोय आणि वारसाचे नाव त्यात स्पष्ट असले पाहिजे. कराराची एक प्रत, संस्थेच्या मुख्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि विमा क्रमांक घरी ठेवून त्याचा अर्थ घरच्यांना मराठीत समजावून द्यावा, कारण कार्यक्षेत्रात अनेकदा दिवसचे दिवस मोबाइलला रेंज नसते.