हायस्कूल एक वर्ष आधी संपवायचं असेल तर

मे महिना आला की आमच्या रविवारच्या मराठी शाळेबाहेर, मुलं सुटायची वाट बघताना, कुणीतरी हा विषय काढतंच. "आमचा म्हणतोय, अकरावीनंतरच हायस्कूल संपवतो. असं करता येतं का हो?"

येतं. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षं धरली जातात, पण बहुतेक ठिकाणी डिप्लोमा मिळतो तो ठरलेले विषय आणि ठरलेले क्रेडिट (विषय पुरा केल्यावर मिळणारे गुणांक) पुरे केल्यावर. ते तीन वर्षांत झाले तर तीन वर्षांत, साडेतीन वर्षांत झाले तर साडेतीन. माझ्या मोठ्या मुलीने न्यू जर्सीत सात सेमिस्टरमध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांत, हायस्कूल संपवलं. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आहे, आणि एक गोष्ट प्रत्येक वेळी दिसली. लवकर बाहेर पडणारं मूल हुशारीत कमी पडून सहसा अडत नाही. ते अडतं न घेतलेल्या एखाद्या अर्ध्या वर्षाच्या विषयापाशी, नाहीतर वेळेवर न मागितलेल्या एखाद्या सहीपाशी. म्हणून ही आखणी आठवीच्या शेवटी किंवा नववीत सुरू करावी. दहावीच्या उन्हाळ्यात सुरू केली तर एक सेमिस्टर वाचू शकतं, अख्खं वर्ष वाचणं फार अवघड होतं.

आधी हे विचारा: वाचलेल्या वर्षाचं काय करणार?

क्रेडिटचा हिशोब मांडण्याआधी मुलाला हा प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच्याच हाताने लिहून घ्या. "कम्युनिटी कॉलेजमध्ये अमुक विषय शिकायचा आहे", "घरावरचा खर्चाचा भार कमी करायचा आहे", "शाळेत शिकण्यासारखं गणित संपलं आहे" ही उत्तरं भक्कम आहेत. "शाळा नकोशी झाली आहे" हे उत्तर आलं तर तिथेच थांबा आणि का ते शांतपणे ऐकून घ्या. मूल शाळेत एकटं पडलं असेल, कुणी छळत असेल, झोप पुरत नसेल, तर त्यावर वेगळा इलाज हवा. तीन वर्षांत चार वर्षांचा अभ्यास कोंबल्याने ते दुःख वाढतं.

उत्तर चांगलं असलं तरी त्यासाठी शाळा सोडायलाच हवी असं नाही. वॉशिंग्टन राज्यात 'रनिंग स्टार्ट' योजनेतून अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांचे) वर्ग ट्यूशन न भरता करू शकतात. मिनेसोटात अशी योजना 1985 पासून आहे. टेक्ससमध्ये डेंटनच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससमधली गणित-विज्ञान अकादमी दहावीनंतर मुलांना थेट कॅम्पसवर घेते. तिथे हायस्कूलची शेवटची दोन वर्षं आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं एकत्रच होतात. मुलाला जे हवं आहे ते अशा वाटेने मिळत असेल तर ही वाट आधी बघा.

तीन नियमावल्या शेजारी-शेजारी ठेवा

राज्याची अट, तुमच्या डिस्ट्रिक्टची (स्थानिक शाळा चालवणाऱ्या विभागाची) अट आणि मुलाला हव्या असलेल्या कॉलेजांची अट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पालक बहुधा पहिलीच बघतात.

आमच्या न्यू जर्सीचं उदाहरण घ्या. राज्य 120 क्रेडिट मागतं आणि वर्षभराच्या विषयाला साधारण 5 क्रेडिट मिळतात. इंग्रजीचे 20, गणिताचे 15, विज्ञानाचे 15, सामाजिक शास्त्रांचे 15, परकीय भाषेचे 5, कलेचे 5, करिअर शिक्षणाचे 5, अर्थसाक्षरतेचे अडीच. शारीरिक शिक्षण आणि आरोग्याचे पावणेचार क्रेडिट दर वर्षी, जितकी वर्षं शाळेत असाल तितकी. आता मांडणी करा. दिवसाला आठ तासिका असणाऱ्या शाळेत वर्षाला 40 क्रेडिट होतात, म्हणजे आकडा तीन वर्षांत गाठता येतो. सात तासिकांच्या शाळेत 105 वर थांबतो. पण खरी गाठ इंग्रजीची आहे. 20 क्रेडिट म्हणजे चार वर्षांचं इंग्रजी, आणि वर्षं तीनच. एक इंग्रजी उन्हाळ्यात तरी करावं लागतं, नाहीतर शेवटच्या वर्षी दोन इंग्रजी एकदम घ्यावी लागतात. ज्या मुलाला वाचायला-लिहायला वेळ लागतो त्याला हे फार जड जातं, मग गणितात ते कितीही पुढे असो. आपल्या घरांमध्ये गणिताकडे बघून हा निर्णय होतो, आणि तो इंग्रजीपाशी अडकतो.

आमचं अडलं ते वर सांगितलेल्या अडीच क्रेडिटपाशी. अर्थसाक्षरतेचा अर्ध्या वर्षाचा विषय आमच्या तक्त्यात होता, पण वेळापत्रक बदलताना गळला आणि शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. उन्हाळी वर्गात जागा मिळाली म्हणून निभावलं.

टेक्ससमधल्या पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तिथे मूळ कार्यक्रम 22 क्रेडिटचा आहे आणि 'एन्डॉर्समेंट'सह (एखाद्या शाखेतल्या जास्तीच्या विषयांसह) 26 चा. दहावीनंतर पालकांनी लेखी संमती दिली तर एन्डॉर्समेंट सोडून 22 वर बाहेर पडता येतं. तीन वर्षांत संपवायचं तर हा मोह होतोच. पण वर्गातल्या वरच्या क्रमांकामुळे सरकारी विद्यापीठांत जो आपोआप प्रवेश मिळतो, त्यासाठी साधारणपणे डिप्लोमाची 'डिस्टिंग्विश्ड' ही वरची पातळी लागते, आणि ती एन्डॉर्समेंट आणि अल्जिब्रा टू शिवाय मिळत नाही. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला जायचं मनात असेल तर ती सही करण्यापूर्वी शंभरदा विचार करा.

फ्लोरिडात उलट सोय आहे. नेहमीचा डिप्लोमा 24 क्रेडिटचा, पण 'ॲक्सेल' नावाचा पर्याय 18 क्रेडिटमध्ये पुरा होतो आणि त्यात शारीरिक शिक्षणाची सक्ती नाही. इंडियानात सरकारी शाळेतून किमान एक वर्ष आधी बाहेर पडणाऱ्या पात्र मुलांना माजी गव्हर्नर मिच डॅनियल्स यांच्या नावाची 4,000 डॉलरची शिष्यवृत्ती आहे. तिथल्या पालकांनी ती जरूर विचारावी. कॅलिफोर्नियात राज्याची किमान अट सौम्य आहे, पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला 15 विषय लागतात, त्यात चार वर्षांचं इंग्रजी, आणि 15 पैकी 11 शेवटच्या वर्षाआधी झालेले असावे लागतात. तीन वर्षांत संपवणाऱ्यासाठी याचा अर्थ दहावीअखेर 11. सातवी-आठवीत केलेलं हायस्कूलच्या पातळीचं गणित आणि भाषा तिथे धरली जाते, हा मोठा दिलासा.

डिस्ट्रिक्टकडून चार प्रश्नांची उत्तरं ईमेलवर घ्या. आठ सेमिस्टर हजर राहण्याची अट आहे का? लवकर ग्रॅज्युएशनचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा? बाहेरून केलेले किती क्रेडिट धरता? मिडल स्कूलमधल्या अल्जिब्राला क्रेडिट मिळतं, की फक्त पुढच्या वर्गात बसता येतं?

तक्ता करा, आणि तो मुलाला भरू द्या

एका मोठ्या कागदावर तीन वर्षं आणि मधले उन्हाळे यांचे रकाने आखा. उजवीकडे प्रत्येक अटीचा रकाना, पूर्ण झाली की त्यात तारीख. आधी इंग्रजी बसवा, मग ज्यांची साखळी असते ते गणित आणि विज्ञान, मग सक्तीचे अर्ध्या वर्षाचे विषय, आणि आवडीचे विषय सगळ्यात शेवटी. राज्याच्या परीक्षाही याच कागदावर लिहा. न्यू जर्सीची ग्रॅज्युएशनची परीक्षा अकरावीच्या वसंतात होते. तीन वर्षांत संपवणाऱ्याचं ते शेवटचं सेमिस्टर असतं आणि ती राहिली तर हातात वेळ उरत नाही. शाळेच्या काउन्सेलरशी (विषय आणि कॉलेजबद्दल सल्ला देणाऱ्याशी) त्याबद्दल आधीच बोलून ठेवा.

जास्तीचे क्रेडिट मिळवायचे मार्ग बरेच आहेत: उन्हाळी वर्ग, मान्यताप्राप्त ऑनलाइन विषय, कम्युनिटी कॉलेजमधलं ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेणं), परीक्षा देऊन क्रेडिट. यातला कुठलाही विषय सुरू करण्याआधी शाळेची लेखी मंजुरी हवीच. आधी विषय करून मग क्रेडिट मागायला गेलेल्या मुलाचे पैसे आणि अख्खा उन्हाळा वाया गेलेला मी पाहिला आहे. ड्युअल एनरोलमेंटबद्दल मुलाला स्पष्ट सांगा की तिथले गुण कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणांच्या अधिकृत नोंदीवर) जातात. पंधराव्या वर्षी पडलेला 'डी' पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जातही दाखवावा लागतो.

आणि आपली मराठी? न्यू जर्सीत परकीय भाषेची अट वर्गात न बसता भाषेवरचं प्रभुत्व सिद्ध करूनही पूर्ण करता येते. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची परीक्षा मान्य होते का, हे काउन्सेलरला आवर्जून विचारा. लहानपणापासून रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला तिथे एक मोकळा तास मिळाला, तर तो इंग्रजीसाठी वापरता येईल.

काउन्सेलरची पहिली भेट

भरलेला तक्ता घेऊन जा, कोरा नको. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. "काय करता येईल?" असं विचारलं तर त्यांना सगळं मुळापासून शोधावं लागतं. "ही आमची आखणी, यात काय राहिलं?" असं विचारलं तर वीस मिनिटांत काम होतं. बोलणं मुलाने करावं, आपण शेजारी बसावं. घरी आल्यावर ठरलेल्या गोष्टींचा छोटा ईमेल पाठवा. काउन्सेलर बदलतात, ईमेल राहतो.

नंतर दर सेमिस्टरला ट्रान्सक्रिप्ट मागवून तक्त्याशी ताडून बघा. शाळेच्या नोंदीत मूल कोणत्या इयत्तेत आहे तेही बघा. तिसऱ्या वर्षी ते अकरावीतच दिसत असेल तर बारावीच्या मुलांना जाणाऱ्या सूचना त्याला येत नाहीत, कॉलेजच्या अर्जाची शाळेकडची व्यवस्थाही उघडत नाही. इयत्ता बदलून घ्यायची विनंती तिसरं वर्ष सुरू होण्याआधीच करा.

कॉलेजचे अर्ज एक वर्ष आधी येतात

हे सांगूनही पालकांच्या लक्षात उशिरा येतं. तिसऱ्या वर्षाच्या शरदातच अर्ज जातात, अर्ली (लवकर निकाल लागणाऱ्या) अर्जांची मुदत बहुधा 1 किंवा 15 नोव्हेंबर असते. म्हणजे कॉलेजसमोर फक्त दोन वर्षांचे गुण असतील. शिफारसपत्रं दहावीपर्यंतचे शिक्षक लिहितील, तेव्हा त्या शिक्षकांशी मुलाची नीट ओळख हवी. एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची असेल तर ती दहावीच्या वसंतात किंवा लगेच पुढच्या ऑगस्टमध्ये. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी कोणत्या वर्षीची पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा) धरायची याचे तीन वर्षांत संपवणाऱ्यांना वेगळे नियम आहेत, ते दहावीच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. खेळाच्या जोरावर जाणाऱ्यांनी एनसीएएचे (कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचे) 16 मूळ विषय वेगळे मोजावेत. निबंधात मात्र लवकर जाण्याचं कारण साध्या शब्दांत यायला हवं. पहिल्या पायरीवर मुलाने लिहिलेलं उत्तर इथे उपयोगी पडतं.

डिसेंबरमध्ये संपवणाऱ्यांनी एक सापळा टाळावा. हायस्कूल सुटल्यावर वसंतात कम्युनिटी कॉलेजचे दोन-तीन विषय घेतले की काही विद्यापीठं मुलाला ट्रान्स्फर विद्यार्थी धरतात आणि पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्त्या हातच्या जातात. हायस्कूल सुटण्याआधीच घेतलेल्या कॉलेज क्रेडिटने सहसा असं होत नाही. ज्या विद्यापीठात जायचं आहे तिथे आधी ईमेल करा.

वय आणि व्हिसा

आई किंवा वडील एच-1बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आणि मूल एच-4वर (त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या व्हिसावर) असेल तर हा हिशोब जास्त बारकाईने करायला हवा. एच-4 एकविसाव्या वर्षी संपतो. सोळा-सतराव्या वर्षी कॉलेजला लागलेलं मूल एकवीस व्हायच्या आत किंवा त्याच सुमारास पदवी घेऊ शकतं, मधेच स्टेटस बदलण्याची धावपळ टळू शकते. आमच्या ओळखीतल्या काही घरांनी याच कारणासाठी ही वाट धरली. पण वाचलेल्या वर्षात नोकरी किंवा पगारी इंटर्नशिप हा विचार असेल तर एच-4वरच्या मुलाला काम करता येत नाही, आणि केंद्र सरकारची विद्यार्थी मदतही मिळत नाही. रहिवासी दराची फी मिळेल का हे राज्यावर अवलंबून. इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास इथे खर्च करावाच.

पदवीसाठी भारतात परतायचं मनात असेल तर लवकर मिळालेला डिप्लोमा बारावीशी समकक्ष धरला जाईल का, हे भारतीय विद्यापीठ संघाकडून आधी लेखी विचारा. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण असावी लागतात, हेही लक्षात असू द्या.

वसतिगृहात जाणारं मूल अठराच्या आतलं असेल तर उपचारासाठी पालकांची संमती लागते, ती कॉलेजच्या आरोग्य केंद्रात आधीच भरून ठेवा. दुसरीकडे, कॉलेजला लागल्याबरोबर शैक्षणिक नोंदींचे हक्क मुलाकडे जातात, मग वय सोळा का असेना. गुण बघायचे तर आता मुलालाच विचारावं लागेल.

शेवटच्या महिन्यातली कामं

अंतिम ट्रान्सक्रिप्ट कॉलेजला गेलं का, ते कॉलेजकडूनच खात्री करून घ्या. डिसेंबरमध्ये संपवणाऱ्या मुलांना डिप्लोमा बऱ्याचदा जूनमध्येच हातात मिळतो. मधल्या काळासाठी "सर्व अटी पूर्ण" असं शाळेचं पत्र मागा, ते लागतं. जूनच्या पदवीदान समारंभात मुलाला भाग घेता येईल का, टोपी-गाऊनची मागणी कधी करायची, हे जानेवारीतच विचारून ठेवा, कारण शाळा सोडल्यावर त्या सूचना घरी येत नाहीत. आणि समारंभाची तारीख कळली की लगेच पुण्या-नाशकाला फोन करा. आजी-आजोबांच्या व्हिसाला वेळ लागतो, आणि त्यांनी ही घटना चार नाही तर तीन वर्षांत येणार हे धरलेलं नसतं.