दान बघू नका, लीगमधली जागा बघा

जपानमधल्या व्यावसायिक गोचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या दगडांनी पटावर खेळायच्या खेळाचे, सामने बघायला लागले, तेव्हा नावापुढचं दान, म्हणजे खेळाडूची श्रेणी, वाचून मी निकालाचा अंदाज बांधायचे. एक दान म्हणजे नवखा, नऊ दान म्हणजे शिखर. मग एका पात्रता फेरीत नऊ दानचा खेळाडू तीन दानवाल्याकडून हरला आणि माझा हिशोबच चुकला.

सोंगट्यांच्या पटावरचं आपलं दान नशिबानं पडतं, हे कमवावं लागतं. पण एकदा मिळालं की ते कधी उतरत नाही. निहोन किइन या जपानमधल्या गो संघटनेत एक दानचं दोन व्हायला 30 अधिकृत विजय लागतात, आठचं नऊ व्हायला 200. त्यामुळे नऊ दानमध्ये आजचे विजेते असतात, तसेच तीस वर्षांपूर्वी भरात असलेलेही.

आजचा जोर कळतो तो लीगमध्ये. मेइजिन या मोठ्या किताबाच्या स्पर्धेचंच बघा. पात्रता फेऱ्यांच्या चाळणीतून वर्षाला फक्त तिघे लीगमध्ये येतात. लीगमध्ये नऊ जण, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव. पहिला येतो तो गतविजेत्याला आव्हान देतो, शेवटचे तिघे बाहेर पडून पुन्हा पात्रतेच्या रांगेत. विजय सारखे असतील तर गेल्या वर्षीचा क्रम ज्याचा वरचा, तो तरतो. म्हणून लीगच्या अखेरीस मी तळाचे डाव आधी उघडते. तिथली धडपड बघताना जीव वरखाली होतो.

दानही इथे झपाट्यानं चढतं. लीगमध्ये प्रवेश मिळाला की सात दान, आव्हानवीर झालं की आठ, किताब जिंकला की नऊ. 2019 मध्ये शिबानो तोरामारुनं लीगमधल्या पहिल्याच वर्षी गतविजेते चो यु यांना 4-1 हरवून मेइजिन पटकावला, तेव्हा तो 19 वर्षांचा होता. विजयांची बेरीज करत बसला असता तर नऊ दानला कितीतरी वर्षं लागली असती.

किताबाची लढत सात डावांची, चार जिंकेल तो मेइजिन. एक डाव दोन दिवस चालतो, प्रत्येकाला विचारासाठी आठ तास. पहिल्या संध्याकाळी ज्याची खेळी असेल तो ती कागदावर नोंदवतो, कागद लिफाफ्यात बंद होतो. दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसाचा डाव पटावर पुन्हा मांडतात आणि पंच लिफाफा फोडतात. नव्यानं बघणाऱ्यांनी सुरुवात या सकाळपासून करावी. पुढच्या मोसमात मात्र एकच स्पर्धा धरा आणि तिची लीग पहिल्या डावापासून वहीत टिपत जा.