चालता चालता श्वासापाशी

ध्यानाला बसलं की मन भरकटतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी बसूच देत नाही. उठा, बाहेर पडा, चाला. पायांना काम मिळालं की मनाची चुळबुळ बरीच कमी होते. उरलेली श्वास सांभाळतो.

झाडं असलेली, वर्दळ नसलेली वाट धरा. पोट हलकं असावं. कानात काही घालू नका, हे मी आग्रहानं सांगते: पानांची सळसळ आणि आपलाच श्वास एकाच वेळी ऐकू येणं, यात अर्धी साधना आहे.

पहिली १० मिनिटं नुसतं चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेगानं. श्वास नाकानंच. नाकात हवा गाळली जाते, कोमट आणि दमट होऊन आत जाते. नाक अपुरं पडलं तर वेग कमी करा.

मग पावलं मोजा. तीन पावलांत श्वास आत, पाच पावलांत बाहेर. चढावर दोन-तीन केलं तरी चालेल, पण सोडणं घेण्यापेक्षा लांबच हवं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबला की शरीर निवतं. खांदे उचलू नका, पोट पुढे येऊ द्या. डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार जोरानं चाललाय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलाय असं समजा. मोजणं सोडून द्या, थांबा. हृदयविकार, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास रोखून धरू नये.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. वाटेत एखाद्या झाडापाशी उभे राहा. श्वास पूर्ण सोडा आणि पुढचा घेऊ नका. तो येईपर्यंत वाट पाहा. क्षणभरात तो येतोच, न बोलावता. आपण जगत नाही, आपल्याला जगवलं जातंय, हे मला तिथं लख्ख कळतं. मी सोडलेलं समोरची पानं उन्हात वापरतात, त्यांनी सोडलेलं माझ्या छातीत येतं. देव माना किंवा मानू नका, हे नातं खरंच आहे. असे पाच-सहा श्वास पुरेत.

परतताना मोजू नका. नामाची सवय असेल तर उच्छ्वासावर नाम लांबवून मनात म्हणा, लय तीच राहते.