सुकामेवा वाटीऐवजी ग्रॅममध्ये मोजताना या चुका टाळा

लाडू वळले जात नाहीत, केकमधले बेदाणे तळाशी बसतात, खजुराची बर्फी चिकट होते. अशा वेळी संशय तुपावर, मैद्यावर नाहीतर ओव्हनवर जातो. पण कृती वाटीत किंवा कपात दिलेली असेल आणि तुम्ही ती ग्रॅममध्ये आणली असेल, तर आधी तो हिशोब तपासा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे एक कप म्हणजे २४० ग्रॅम असं धरणं. २४० हा आकडा मिलिलिटरचा आहे. पाण्याला तो चालतो, बेदाण्यांना नाही, कारण दाण्यादाण्यांमध्ये हवा असते. बेदाण्यांचा न दाबता भरलेला कप साधारण १४५ ग्रॅम भरतो, दाबून भरलेला १६५च्या आसपास. तिथे २४० ग्रॅम घातले की जवळजवळ ९५ ग्रॅम बेदाणे जास्त पडतात आणि केकचं मिश्रण तो भार पेलू शकत नाही.

सगळ्या सुक्यामेव्याला एकच आकडा लावणंही तितकंच चूक. अख्ख्या बदामांचा कप सुमारे १४३ ग्रॅम, त्याच बदामांच्या कापांचा जेमतेम ९२. बिया काढलेल्या सुक्या आलुबुखारांचा कप मात्र १७४ ग्रॅमपर्यंत जातो. म्हणून कृती वाचताना पदार्थाच्या नावाइतकंच लक्ष त्याच्या रूपाकडे द्या. ‘एक वाटी खारीक, पूड करून’ आणि ‘एक वाटी खारकेची पूड’ यांत बराच फरक आहे. पहिल्यात खारीक आधी मोजायची, दुसऱ्यात पूड केल्यावर. डिंकाचं तर विचारूच नका: तळल्यावर तो इतका फुलतो की वाटी कच्च्या डिंकाची की तळलेल्या, हे कळल्याशिवाय लाडू करायला घेऊच नयेत. कृतीत स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर लिहिणाऱ्याला विचारावं. खजुराचं वजन नेहमी बिया काढून करा.

वाटीला ठरलेलं माप नसतं. आपली वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर. समजा १६० आले. बेदाणे मिलिलिटरला साधारण ०.६ ग्रॅम भरतात, म्हणजे तुमच्या वाटीत ९६ ग्रॅम. पण किसलेल्या सुक्या खोबऱ्याला हा ०.६ लावू नका, ते फार हलकं असतं. किसणीप्रमाणे त्याचं वजनही बदलतं, त्यामुळे ते आपल्या वाटीत भरून स्वतःच तोलावं. वाटी न दाबता भरा, वरून सपाट करा, तीनदा तोला आणि सरासरी डब्यावर लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला पुन्हा मोजावं लागणार नाही.

चमचाभर चारोळी किंवा बेदाणे तोलताना घरचा काटा फसवतो, कारण तो बहुधा पूर्ण ग्रॅमच दाखवतो. दहा चमचे एकत्र तोलून दहाने भागा. परदेशी कृती असेल तर चमचाही तपासा: ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इतर बहुतेक ठिकाणी १५चा.

रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात फळं भिजवायची असतील, तर वजन भिजवण्याआधीच करा. भिजल्यावर तोललंत तर शोषलेला रसही फळांच्या हिशोबात धरला जातो आणि केकमध्ये फळं कमी पडतात.